टेलरच्या दुकानामागची खोली

आमच्या दुकानात आलेल्या कापडातलं निम्मं कापड शिवायला आलेलंच नसायचं. माणूस ते काखेत मारून आत यायचा, रस्त्याकडं एकदा वळून बघायचा आणि खालच्या आवाजात विचारायचा, "मास्तर, मॅडम हायत का?" टेलरला आमच्याकडं मास्तर म्हणतात. नाहीतर सातवीत दांडी उडालेल्या माणसाला मास्तर म्हणायला धाराशिवातले लोक काय खुळे नाहीत.

मॅडम म्हणजे माझी बायको, नसीम. ती मानसशास्त्रज्ञ आणि मी पॅन्ट-शर्टचा टेलर. पुढच्या खोलीत माझी मशीन, पडद्यामागं तिची खोली. लग्न झालं तेव्हा ती बी.ए. होती. नंतर शिकत गेली, तिच्या नावापुढं अक्षरं वाढत गेली, माझं दुकान होतं तेवढंच राहिलं. नातेवाईक मला विचारायचे, "इतकी शिकलेली बाई तुझ्यासंगं राहती कशी?" मी सांगायचो, "तुमच्यासारखे बघून बघून तिला मी शहाणा वाटतो."

आधी तिनं स्टँडजवळ वेगळी खोली घेतली होती. बाहेर मोठा बोर्ड लावला होता. माशीसुद्धा फिरकली नाही. कुणी आत शिरताना दिसलं तर संध्याकाळपर्यंत गावभर व्हायचं की अमक्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, आता त्याच्या पोरीला कोण करून घेणार. मग एक दिवस ती मला म्हणाली, "तुमच्या दुकानात शिरायला कुणाला लाज वाटती का?"

मी म्हणालो, "माझी शिलाई बघून वाटत असंल."

ती हसली नाही. तिनं टेबल उचलून माझ्या मागच्या खोलीत आणलं. आणि लोक यायला लागले, काखेत कापड घेऊन. कचेरीतला एक साहेब तर एकच चॉकलेटी पॅन्टपीस घेऊन वर्षभर येत होता. शेवटी मी म्हणालो, "साहेब, द्या इकडं, शिवून टाकतो. तुमचं आतलं काम कधी उरकंल सांगता येत नाही." त्यानं दिला. पॅन्ट घालून परत आला, तर काखेत दुसरं कापड.

दिवाळी अंकवाल्यांनी मला सांगितलं, मॅडमच्या कामावर लिहा, वाचणाऱ्याचे डोळे भरून आले पाहिजेत. ते काही मला जमत नाही. मला जे दिसलं ते लिहितो. डोळे ज्याचे त्यानं भरावेत.

लोकांना आधी हेच कळायचं नाही की ती करते काय. गोळ्या देणारा डॉक्टर वेगळा असतो. ही गोळ्या द्यायची नाही, सुई टोचायची नाही. माणसाला बसवून बोलतं करायची, ऐकायची, मधूनच असा एखादा सवाल टाकायची की पुढच्याला खुर्ची टोचायला लागायची. त्यातही तिचं खास काम घरातल्या माणसांचं. नवरा-बायको, बाप-लेक, आई-पोर. शुक्रवारी दुपारी मोहल्ल्यातल्या बायांना जमवून ती तरबियतीवर बोलायची. तरबियत म्हणजे पोराला वळण लावणं. ती म्हणायची, पोराच्या आधी आपल्याला वळण लावायचं, आणि तेही आपल्या दीनात, म्हणजे धर्मात, आधीच सांगितलेलं आहे, मी काही विलायतेतून आणलेलं नाही.

एकदा एका बापाला तिनं विचारलं, "नमाज पढताना मोबाईल वाजला तर उचलता का?"

"तौबा. कसं उचलंल कुणी?"

"मग पोरगं बोलत असताना का उचलता?"

तो म्हणाला, "मॅडम, पोरगं म्हणजे काय नमाज हाय का?"

ती म्हणाली, "न्हाय. नमाज चुकली तर नंतर कजा पढून भरून काढता येती. पोराचं लहानपण चुकलं तर त्याची कजा कोणत्या मशिदीत पढणार?"

तो बाप उठला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मास्तर, तुमचं घरात कसं चालतं हो?" मी म्हणालो, "कमी बोलून."

दुसऱ्या धर्माची माणसंही यायची. तेरहून एक शेतकरी आला, डोक्याला टोपी, हातात बायकोचं ब्लाउजपीस. माझ्याकडं ब्लाउज शिवत नाहीत हे त्याला ठाऊक नव्हतं. आत जाऊन म्हणाला, "बाई, तुमचं सगळं कुराणातलं असतं म्हणं. आमाला चालतंय का?"

"राग येतो का तुमाला?"

"लई."

"मग चालतंय."

तिची काम करायची एक रीत होती आणि त्यावरून रोज भांडण व्हायचं. लोक पोराला दंडाला धरून आणायचे आणि आत ढकलायचे, जसं काही बिघडलेला पंखा दुरुस्तीला टाकायचाय. ती म्हणायची, "पोराला बाहेर मास्तरांपाशी बसवा. तुमी दोघं आत या."

"बिघडलंय पोरगं अन् आत आमी?"

"व्हय. तुमीच."

त्यामुळं पोरं माझ्या गळ्यात. माझ्या मशीनशेजारी एक स्टूल होतं, त्यावर एक बसलेलं असायचंच. मी त्यांना उपदेश करायचो नाही. मला कुठला येतोय. चिंध्या द्यायचो, बटनांचा डबा द्यायचो. आणि तिच्या सांगण्यावरून मी मधला पडदा भिंतीपासून वीतभर आखूड शिवला होता. लोक म्हणायचे, टेलरच्या घरचा पडदा आणि आखूड. त्यांना काय माहीत की त्या फटीतून ती पोराकडं बघत असायची. आईबाप नजरेआड झाले की पोरगं काय करतं, त्यातून तिला अर्धं कळायचं.

माझं दुसरं काम असं की आत आवाज चढला किंवा कुणी रडायला लागलं की मी मशीन हाणायचो. कापड नसलं तरी. रिकामी मशीन फार आवाज करते. रस्त्यावरच्या माणसाला आतलं ऐकू जायचं नाही. शेजारचा किराणावाला म्हणायचा, "मास्तर, तुमचा धंदा जोरात हाय." मी म्हणायचो, "व्हय, लग्नसराई."

तिची शिकवण सगळ्यांना सारखी लागू पडायची असं नाही. रागावर तिचा एक इलाज होता, तोही तिचा नव्हे, रसूलांनी, म्हणजे पैगंबरांनी सांगितलेला. राग आला तर उभा असलास तर खाली बस, बसून उतरला नाही तर आडवा हो, वुजू कर, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हात-तोंड-पाय धू, गार पाणी अंगाला लागू दे. लोहाऱ्याच्या एका जीपवाल्याला तिनं हे सांगितलं. तो घरात पोरींवर हात टाकायचा. माणूस कष्टाळू, पण सांगितलेलं तेवढंच करणारा. पुढच्या आठवड्यात लोहाऱ्याच्या स्टँडवर दुसऱ्या जीपवाल्यानं त्याचं गिऱ्हाईक पळवलं. ह्याला राग आला. हा खाली बसला. राग उतरंना, म्हणून भर रस्त्यात आडवा झाला. लोकांना वाटलं, अटॅक आला. एकानं तोंडावर पाणी मारलं, दुसऱ्यानं छाती दाबली, तिसऱ्यानं त्याच्याच जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. तो मला सांगायला आला, "मास्तर, मॅडमला सांगा, राग उतरला, पण बरगडी दुखतीय." पोरींवर मात्र परत हात टाकला नाही. बापाला राग आला की पोरी आपणहून चटई अंथरायच्या.

हे मी नसीमला सांगितलं की ती तोंडाला पदर लावून हसायची. गेल्या थंडीत ती गेली. फजरच्या, पहाटेच्या नमाजाच्या वुजूला उठली आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसली ती बसलीच. दुखवट्याला माणसं आली, महिनाभर येत राहिली. काहींनी मला सांगितलं, "मास्तर, रडा, मोकळे व्हा, मॅडम असत्या तर हेच म्हणाल्या असत्या." मॅडम असत्या तर मी रडलो कशाला असतो, एवढं कळायला शिक्षण लागत नाही.

आता ज्या घरासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. आतल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नाहीत, हा तिचा नियम. पण ही गोष्ट त्या बापानंच पुढं चारचौघांत सांगितली, आणि लिहायलाही हो म्हणाला. तरी नाव मी बदललंय. त्याला मुश्ताकभाई म्हणू. परंड्यात हार्डवेअरचं दुकान. मोहल्ल्यात मान, मशिदीच्या कमिटीत नाव, आणि गळ्यात कुणी हार घालायला आलं तर मान आपोआप पुढं व्हायची.

आमच्यात लेकरानं पहिला रोजा धरला की त्याचं कौतुक करतात. नवे कपडे, गळ्यात हार, इफ्तारला पाहुणे. इथपर्यंत ठीक. पण आता पोराचा फोटो पेपरात द्यायची पद्धत पडलीय. अमक्या वर्षाच्या चिमुकल्यानं धरला कडक उन्हात रोजा. दुसऱ्याच्या पोरानं सातव्या वर्षी धरला की हा सहाव्या वर्षी धरायला लावणार. मुश्ताकभाईच्या पोराला, अदनानला, सातवं नुकतं लागलं होतं. परंड्याचं ऊन, रोज्याचे ते लांब दिवस. पोराचा फोटो सकाळीच पेपरवाल्याकडं गेला. संध्याकाळी दीडशे माणसांत पोराला हार घातला, इफ्तार झाली, बापाची छाती फुगली.

त्यानंतर पोरगं बदललं. बापासमोर जेवेना. बापासमोर पाण्याला हात लावेना. बाप घरात आला की हे उठून पाठीमागच्या दारानं बाहेर. अरबी शिकवायला हजरत यायचे, त्यांच्यापुढं तोंड उघडंना. वर्ष झालं तसं. मौलवीसाहेबांनी पाणी दम करून, म्हणजे दुआ फुंकून दिलं, ते पण पोरगं बापासमोर पिईना. शेवटी मुश्ताकभाईनं ठरवलं, पोरगं हट्टी झालंय, जूनपासून लांबच्या गावी होस्टेलच्या शाळेत टाकायचं. तिथं सरळ होईल. आईला ते नको होतं. तीच हट्ट करून नवऱ्याला आणि पोराला आमच्याकडं घेऊन आली. काखेत कुर्त्याचं कापड.

मी पोराला पाणी दिलं. त्यानं पेला हातात धरून ठेवला. आईबाप पडद्याआड गेले तसं त्यानं पेला एका दमात रिकामा केला आणि परत माझ्यापुढं धरला. पडद्याच्या फटीतून नसीमनं ते बघितलं. संध्याकाळी ती मला म्हणाली, "पोराला तहान लागती. बापासमोर लागत न्हाय. म्हणजे गाठ बापापाशी हाय."

पुढच्या खेपेला बाप एकटाच पोराला घेऊन आला. आत गेला. आधी त्याचं भाषण ऐकू आलं. मी काय कमी केलं, हल्लीची पोरं कशी नाशुक्री, केलेलं विसरणारी, आमच्या वेळेला कसं होतं. नसीमचा आवाज नाही. मग तिनं काहीतरी हळू विचारलं. मग बापाचा आवाज एकदम चढला. मी माझ्या सवयीनं मशीन हाणायला लागलो.

अदनान स्टुलावर बसला होता. त्यानं हात पुढं केला आणि मशीनचं चाक पकडलं. मशीन थांबली.

आतून बाप म्हणत होता, "बघितलं होतं मी. दुपारी माठापाशी पाणी पिताना बघितलं होतं. त्यानं पण मला बघितलं. मी मागं फिरलो. काय करणार होतो, मॅडम? फोटो गेला होता, माणसं बोलावली होती."

नसीम म्हणाली, "रोजा त्याच्यावर फर्ज नव्हता, भाई. खरं बोलणं तुमच्यावर होतं."

मला चाक सोडवून घ्यायचं सुचलं नाही. पोराचा हात लहान, पण चाकावर घट्ट. त्यानं सगळं ऐकलं, मग हात काढला आणि बटनांच्या डब्यात बघत बसला. बाप बाहेर आला, डोळे लाल. पोराला म्हणाला, "चल." पोरगं दोन पावलं मागं राहून गेलं.

मी नसीमला सांगितलं की पोरानं ऐकलं. मला वाटलं ती माझ्यावर चिडंल. ती म्हणाली, "ऐकू दे. पण ऐकलेलं उपयोगाचं न्हाय, सांगितलेलं पायजे. घरी जाऊन पोराला स्वतःच्या तोंडानं सांगा, असं मी बापाला सांगितलंय."

"अन् न्हाय सांगितलं तर?"

"तर पोरगं होस्टेलला जातं. अन् जन्मभर समजतं की पाणी प्यालो म्हणून बापानं घालवून दिलं."

दिवस गेले. बापानं सांगितल्याची काही खबर नाही. पोराच्या आईचा फोन आला, ट्रंक घेतली. आमची मॅडम, जी जगाला सबर शिकवायची, तिनं त्या आठवड्यात भाजीत दोनदा मीठ टाकलं. मी म्हणालो, "खाली बस, न्हायतर आडवी हो." तिनं पोळपाट आपटला.

जूनमध्ये एका सकाळी दुकानासमोर रिक्षा थांबली. वर ट्रंक बांधलेली. मुश्ताकभाई पोराला घेऊन उतरला. स्टँडवरून दुपारची गाडी होती. म्हणाला, "मास्तर, होस्टेलची पॅन्ट लांब झालीय. पटकन दुमडून द्या." परंड्यात टेलर नाहीत असं नाही. पण तो इथं आला होता, आणि पडद्याआड मात्र जात नव्हता. नसीम पडदा सारून बाहेर आली आणि माझ्या कटिंगच्या टेबलाला टेकून उभी राहिली.

मी पोराला स्टुलावर उभं केलं, तोंडात टाचण्या धरल्या आणि पॅन्टच्या मोरीपाशी, पायाकडच्या काठाशी, वाकलो. स्टुलावर उभं राहिल्यामुळं पोराचा डोळा बापाच्या डोळ्याला आला. तिथून ते म्हणालं,

"अब्बा, तुमी मला बघितलं होतं."

"कवा?"

"माठापाशी."

मी वर बघितलं नाही. टाचण्या तोंडात, बोलायची सोय नव्हती. मुश्ताकभाईनं नसीमकडं बघितलं असणार. ती गप. शेवटी तो म्हणाला, "व्हय. बघितलं होतं."

"मग हार कशाला घातला?"

आता इथं एखाद्या शिकलेल्या बापानं चांगलं उत्तर दिलं असतं. मुश्ताकभाई म्हणाला, "सकाळीच पेपरात फोटो दिला होता रे."

पोरानं विचार केला. "मग पेपरवाल्याला सांगायचं ना, पाणी प्याला म्हणून."

"तसलं छापत न्हाईत."

पोराच्या पायाला हिसका बसला. मला वाटलं टाचणी टोचली. वर बघतो तर हसत होतं. बाप हसला नाही. बाप भिंतीला टेकला होता आणि त्याचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता.

पोरगं म्हणालं, "मला वाटलं, पाणी प्यालो म्हणूनच पाठवायलाव."

"न्हाय. तू दिसलास की मला ते आठवायचं. मला तुझ्या तोंडाकडं बघवत नव्हतं. म्हणून पाठवायलो होतो." मग थोडं थांबून, "चुकी माझी हाय. तुझी न्हाय. तू लहान होतास, ऊन होतं."

रिक्षावाल्यानं बाहेरून हॉर्न दिला. मुश्ताकभाई माझ्याकडं वळून म्हणाला, "मास्तर, पॅन्ट राहू द्या." मग नसीमला म्हणाला, "पर मॅडम, सगळ्या परंड्याला सांगून आलोय. कमिटीवाल्यांनी काल निरोपाचा चहा केला. आता माघारी जाऊन लोकांला काय सांगू?"

इतका वेळ गप असलेली नसीम म्हणाली, "सांगा, बापाला करमंना."

"ते तर खरंच हाय," तो म्हणाला.

मी तोंडातल्या टाचण्या काढल्या, पोराच्या पॅन्टच्या काढल्या. पोरगं स्टुलावरून उडी मारून बाहेर पळालं आणि रिक्षात पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसलं. ट्रंक वर बांधलेलीच. बाप मागं एकटा. रिक्षा वळली तेव्हा पोरगं हातवारे करून ड्रायव्हरला काहीतरी सांगत होतं, ड्रायव्हर हसत होता, आणि मुश्ताकभाई मागच्या सीटवरून पुढं वाकून, दांड्याला धरून, ऐकायला बघत होता.

पोरगं काय सांगत होतं ते मला अजून कळलेलं नाही. नसीमला कळलं असणार, ती तिकडं बघून मान हलवत होती. मी विचारणार होतो. तेवढ्यात ती पडद्यामागं गेली, शेजारचा किराणावाला कापड घेऊन आला, म्हणाला, शिवायचं नाही, मॅडम आहेत का. आणि विचारायचं राहून गेलं.